पानं चुरा होतात, लेकरं उठून जातात, मग करायचं काय?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते. तुम्ही परभणीला राहता. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पानांचं घुबड करायचं ठरलं, तिघांनी मिळून पिशवीभर पानं आणली आणि दुसऱ्या दिवशी चिकटवायला बसलात, तर निम्मी गुंडाळून गेलेली आणि बाकीची हात लावताच मोडणारी. दहा मिनिटांत दोघंही उठून गेली आणि घुबड शेवटी तुम्हीच पूर्ण केलं. आता तुम्ही विचारताय की कुठली पानं घ्यावीत, ती टिकवावीत कशी आणि लेकरांना बसवावं कसं. शिवाय तीन आठवड्यांनी शाळेत प्रदर्शन आहे, त्यात काही ठेवता येईल का, हेही.

मी लातूर जिल्ह्यात प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर पाचोळ्याचं काम घेते. माझ्या अनुभवानं तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. चित्र आधी ठरलं आणि पानं नंतर शोधली गेली. व्हिडिओतली पानं थंड देशांतल्या झाडांची असतात. तिकडं पानगळ पावसाळी, दमट हवेत होते, पान पातळ असतं आणि दाबलं की रंगासकट सपाट वाळतं. आपल्याकडं झाड पान गाळतं ते पुढच्या कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी. माघ सरता सरता सुरुवात होते, चैत्रापर्यंत चालतं, आणि त्या दिवसांत मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की सकाळी पडलेलं पान संध्याकाळपर्यंत पापडासारखं होतं. त्या पानाचं घुबड होत नाही यात तुमचा किंवा लेकरांचा काहीच दोष नाही. काम पानाच्या ओलीपासून सुरू करायला हवं, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

पान वाळताना त्याचा वरचा थर आणि खालचा थर सारखा आकसत नाही, मधल्या शिरा ताठ राहतात, म्हणून ते गुंडाळतं. गुंडाळून वाळलेलं पान जबरदस्तीनं उघडलं की शिरेवर तुटतं. म्हणजे पान पडल्यापासून ते कुरकुरीत होईपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यातच ते दाबाखाली गेलं पाहिजे. रात्रीच्या गारव्यात पान थोडी ओल ओढून घेतं. त्यामुळं सकाळी सातच्या आत उचललेलं पान वाकतं, दुपारी बारा वाजता तेच हातात मोडतं. मार्चपासून शाळा सकाळची होते, तेव्हा मी पहिला तास पानं वेचण्याचाच ठेवते. तुम्हाला घरी असताना रविवारची सकाळ पुरेल. पिशवी नेऊ नका, पिशवीत पानं एकमेकांवर घासून चुरगळतात. एक जुनी जाड वही किंवा दोन पुठ्ठे आणि दोरी न्या आणि पान उचललं की लगेच आत ठेवा.

घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पानं एकमेकांना न चिकटता मांडायची. वर पाट, त्यावर पाटा किंवा जड पुस्तकं. पहिले तीन दिवस रोज कागद बदलायचा, कारण पानातली ओल कागदात उतरते आणि तोच ओला कागद आत राहिला तर बुरशी धरते. कडुलिंबाची किंवा चिंचेची बारीक पानं दोन-तीन दिवसांत तयार होतात, पिंपळाला पाच-सहा दिवस लागतात, बदामाच्या जाड पानाला आठवडा किंवा थोडा जास्त. प्लास्टिकमध्ये काही ठेवू नका. घाई असेल तर कागदाच्या दोन थरांमध्ये पान ठेवून मोठ्या माणसानं मंद इस्त्री फिरवावी, पण त्यानं रंग काळपट होतो.

पानं आधीच कडक झाली असतील तर? त्याला उपाय आहे आणि तो आपल्या घरातलाच आहे. पूर्वी लग्नकार्यात पळसाच्या पत्रावळी असत. वाळवून ठेवलेली पानं लावायच्या आधी बाया त्यावर पाणी शिंपडत आणि ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवत. पान पुन्हा मऊ होई, काडी टोचली तरी फाटत नसे. तुम्हीही तसंच करा. रात्री पानं ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, सकाळी उलगडा, लगेच काम करा किंवा दाबायला ठेवा. फडकं ओलं हवं, निथळणारं नको. यानं सगळी पानं वाचत नाहीत. कडुलिंबासारखी पातळ पानं गेली ती गेलीच, पळस, वड, बदाम मात्र चांगले परत येतात.

ग्लिसरीनचं विचारलंय. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात चार-पाच दिवस बुडवलेलं पान लवचीक राहतं हे खरं आहे, फक्त रंग गडद होतो. पण ते नुकत्या पडलेल्या, अजून चिवट असलेल्या पानावर चालतं, कुरकुरीत पान ते नीट शोषून घेत नाही. एखादं तोरण किंवा मुखवटा वर्षभर ठेवायचा असेल तरच मी ते वापरते. रोजच्या खेळासाठी त्यावर खर्च करू नये.

आता कुठली पानं. हे तुमच्या गल्लीत कुठली झाडं आहेत त्यावर अवलंबून आहे आणि तेच बरं आहे. रंग हवा असेल तर देशी बदाम बघा. शाळांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या आवारात तो हमखास असतो, आणि लालभडक पान त्याच्याइतकं दुसरं कुठलंच झाड आपल्याकडं देत नाही. तो लाल रंग उजेडात टिकत नाही, काही आठवड्यांत चॉकलेटी होतो, हे लेकरांना आधीच सांगून ठेवा. एक पान खिडकीत आणि एक वहीत ठेवून दोन्हींची तुलना करायला लावा. बोगनवेलीची गुलाबी, केशरी कागदी पानं मात्र रंग बराच काळ धरतात आणि एका दिवसात वाळतात. तिला काटे असतात, म्हणून खाली पडलेलीच घ्या. अशोकाचं लांब, कडेनं लाटा असलेलं पान लेकरांच्या हातात गेलं की मासा, नाव, साप काहीही होतं. वडाचं पान म्हणजे कासवाची पाठ. पिंपळाला ती लांब शेपटी असते, त्यामुळं उंदीर आणि हत्ती त्याच्यातून आपोआप निघतात. चिंचेची पिवळी बारीक पानं या दिवसांत पावसासारखी गळतात, ती मूठभर घेऊन मैद्याची खळ लावलेल्या कागदावर भुरभुरवली की शेत किंवा वाळू तयार होते. चार वर्षांच्या मुलीला याच्याइतकं आनंदाचं काम नाही.

पळसापाशी थोडं थांबा. 'पळसाला पाने तीनच' हे लेकरांनी ऐकलेलं असतं, पण बघितलेलं क्वचित असतं. तीन पानं हातात देऊन मी विचारते की ही तिन्ही सारखी आहेत का. मधलं पान दोन्ही बाजूंनी सारखं असतं, कडेची दोन मात्र एका बाजूला झुकलेली असतात. एकदा हे दिसलं की लेकरू पाचोळ्याच्या ढिगातून डावं, उजवं आणि मधलं पान वेगळं काढू लागतं. मी कितीतरी हस्तकला घेतल्या, पण हा खेळ अजून कुठल्याही वर्गाला कंटाळवाणा झाला नाही.

आपट्याची गोष्ट वेगळी. दसऱ्याला घरात आपट्याच्या पानांचा ढीग जमतो आणि दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात जातो. यंदा त्या रात्रीच पानं वहीत दाबून ठेवा. दोन पाकळ्यांचं ते पान म्हणजे तयार फुलपाखरू आहे, वर्षभर पुरतं. त्यासाठी आणखी फांद्या मात्र तोडू नयेत, आपट्याच्या झाडांवर दसऱ्याला आधीच फार मोठी धाड पडते.

लेकरं बसत नाहीत, या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. तुमची मुलं उठून गेली, कारण त्यांच्यासाठी त्या कामात काही उरलंच नव्हतं. घुबड कसं दिसणार ते ठरलेलं, पान कुठं लावायचं ते ठरलेलं, फक्त चिकटवायचं बाकी. मी काय करते ते सांगते. कागद, खळ, कात्री काहीच समोर ठेवत नाही. जमिनीवर चटई, त्यावर दाबून तयार झालेली पानं पसरलेली. आधी ती वेगळी करायची: मोठी-लहान, गुळगुळीत-खरखरीत, टोकाची-बिनटोकाची, ज्याला जशी सुचेल तशी. मग एक पान उचलायचं, उलटं करायचं, आडवं धरायचं आणि 'हे कशासारखं दिसतंय?' एवढंच विचारून आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं मोठ्यांना अवघड जातं, मला माहीत आहे. पण 'हा मासा आहे का?' असं तुम्ही म्हणालात की तो मासाच होतो आणि लेकराचं काम तिथं संपतं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जात आणि हंगामातले काही महिने तोही फडावर राहून यायचा. सगळे प्राणी-पक्षी करत होते, त्यानं अशोकाची पानं उभी एकमेकांवर टेकवून कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, केली. बाहेर तीन काड्यांची चूल मांडली. आत कोण झोपतं, पाणी कुठं ठेवतात, बैल कुठं बांधतात, हे तो सांगत गेला आणि वर्ग ऐकत राहिला. साचा दिला असता तर त्याच्याकडूनही घुबडच आलं असतं.

कात्री मी सुरुवातीला देत नाही याचं कारणही हेच. कात्री हातात आली की लेकरू पानाचा आकार बघायचं सोडून ओळखीचे गोल आणि चौकोन कापू लागतं. पानाच्या मूळ आकारावर चार-पाच वेळा काम झालं की मग खुशाल द्या.

वयाप्रमाणं थोडा फरक ठेवा. चारच्या मुलीला वेचणं, वेगळं करणं, भुरभुरवणं, काडीत पानं ओवणं आणि ठसे. ठशासाठी पानाच्या पाठीला, म्हणजे शिरा उठून दिसतात त्या बाजूला, पातळ गेरू लावायचा आणि कागदावर दाबायचं. किंवा पान पालथं ठेवून वर कागद धरायचा आणि मेणखडू आडवा फिरवायचा, सगळ्या शिरा कागदावर उमटतात. सातच्या मुलाला त्याहून जास्त आव्हान हवं. त्याला दोन पानं काडीनं टाचून द्रोण करू द्या. पहिले दोन-तीन द्रोण गळतील. का गळतात हे त्यालाच शोधू द्या, त्यात त्याचा अर्धा तास सहज जातो. दोघांना एकाच वेळी एकच काम देऊ नका, मोठा पुढं जातो आणि धाकटी रडते.

चिकटवायला मी घरची खळ वापरते. दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत शिजवायचा, चकाकी आली की उतरवायचं. फेविकॉल लवकर धरतो, खळ सावकाश धरते, म्हणून लेकराचा विचार बदलला तर पान उचलून दुसरीकडं लावता येतं. शिवाय खळीच्या ओलीनं पान थोडं मऊ पडून कागदाला बसतं. चिकटवून झालं की वर कोरडा कागद आणि पाट ठेवून रात्रभर दाबून ठेवा. उन्हाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, तेवढ्यापुरतीच करा. कीड लागू नये म्हणून काही जण त्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लेकरांच्या खळीत अजिबात नको. शेंगा किंवा बिया लावायच्या असतील तर मात्र फेविकॉलच लागतो.

खळ-फेविकॉल काहीच नको असेल तर ज्वारीचं धाट घ्या. रब्बीची ज्वारी याच दिवसांत निघते, गावाकडून कोणी येत असेल तर दहा-बारा धाटं मागवा. वरचं साल सोललं की आत पांढरं, हलकं भेंड असतं. त्याचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून आपण लहानपणी बैलगाड्या केल्या आहेत. त्याच गाडीला पिंपळपानाचं छत, वडाच्या पानांची चाकं. साल मोठ्यांनीच सोलायचं, त्याची धार बोट कापते. ऊसाच्या पाचटाचंही तसंच.

जपण्याच्या गोष्टी, आणि इथं मी अजिबात सूट देत नाही. पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही. आपल्या भागात तिथं विंचू असतो, फुरसं हा विषारी सापही असू शकतो. वरवरची, सुटी पडलेली पानंच उचलायची, काडीनं आधी हलवून बघायचं आणि पायात चप्पल नव्हे तर बूट. रुईच्या पानाचा चीक डोळ्यात गेला तर फार इजा होते. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी, धोतरा, एरंडाच्या बिया आणि ती सुंदर लाल-काळी गुंज, ही सगळी विषारी आहेत. चार वर्षांचं लेकरू वस्तू तोंडात घालतं, तेव्हा हे घरातच आणू नका. गाजरगवतानं अंगावर पुरळ येतं, मोकळ्या मैदानातल्या पाचोळ्यात ते बेमालूम मिसळलेलं असतं. गौताळ्यासारख्या अभयारण्यात फिरायला गेलात तर तिथून एक पानही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथलं काहीही परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही, आणि तिथल्या पाचोळ्यावर किड्या-मुंग्यांपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्यांचं पोट असतं. देवळाच्या पिंपळाखालची पानं घ्यायची तर पुजाऱ्यांना विचारून घ्या, बहुतेक जण आनंदानं देतात.

पिंपळाच्या जाळीदार पानाचं तुमच्या मुलाला आकर्षण आहे असं लिहिलंय. ते जमतं, पण धीर लागतो. चिवट, न फाटलेली पानं पाण्यात बुडवून सावलीत ठेवायची. पंधरा दिवस ते महिनाभरात पानाचा गर कुजून सुटतो, मग ताटलीत घेऊन मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं घासून धुवायचं. शिरांची जाळी तेवढी उरते. पाण्याला वास येतो, त्यामुळं भांडं बाहेर ठेवा, वर फडकं बांधा आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल. बदललेलं पाणी झाडांना घाला. धुण्याच्या सोड्यात उकळून एका दिवसातही जाळी निघते, पण ते काम मोठ्यांचं, हातमोजे घालून, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात नाही, कारण सोडा ते खातो. पाण्याची टंचाई असेल त्या वर्षी हे काम सरळ वगळा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा आम्ही फक्त कोरडी कामं घेतली आणि लेकरांना त्याचं कारणही सांगितलं.

थोडक्यात, क्रम असा धरा: सकाळी वेचणं, लगेच दाबणं, आठवडाभर थांबणं, मग बघणं आणि चिकटवणं सगळ्यात शेवटी. थांबण्याचा आठवडा लेकरांना जड जातो, म्हणून रोज कागद बदलायचं काम त्यांच्याकडंच द्या. पान काल कसं होतं आणि आज कसं आहे हे त्यांना त्यातूनच दिसतं.

प्रदर्शनाचं म्हणाल तर तीन आठवडे पुरेसे आहेत, जाळीदार पान सोडून. हा रविवार वेचण्याचा, पुढचा बघण्याचा आणि मांडण्याचा, तिसरा आठवडा हाताशी राखीव. एखादा मोठा देखावा करण्यापेक्षा मुलाच्या पाच-सहा पानांचे पाच-सहा छोटे पुठ्ठे करा. प्रत्येकाखाली त्याच्याच अक्षरात झाडाचं नाव, पान कुठं सापडलं आणि त्याला त्यात काय दिसलं. अक्षर वाकडं आलं तरी तुम्ही पुन्हा लिहून देऊ नका. पान कागदावर पक्कं झालं की समान पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचा एक पातळ हात वरून फिरवा, पान तडकत नाही. शाळेत नेताना पुठ्ठे समोरासमोर ठेवून मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला, दोरीनं बांधा आणि रिक्षात मांडीवर आडवे धरा. मुलीनं केलेला एखादा गेरूचा ठसा त्यात असू द्या, तिचंही नाव घालून. आणि जी पानं उरतील, मोडतील, ती जाळू नका, कुंडीत मातीवर पसरा. उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात.